रातपाळीच्या शहरातली बोलकी मुलं

लहान मूल बोलायला कसं शिकलं, याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. शाळा कधी निघाली, पहिलं पुस्तक कुणी छापलं, परीक्षा कधी सुरू झाल्या याच्या नोंदी सापडतात. पण मूल रांगू लागल्यापासून शाळेच्या पटावर येईपर्यंत त्याच्याशी कोण, केव्हा, काय करता करता बोलत होतं, हे कुठल्याच दप्तरात नसतं. सुरतेतल्या मराठी माणसांच्या बाबतीत ही उणीव मोठीच आहे. शिवाजी महाराजांच्या 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्यांवर आपण पानंच्या पानं लिहिली. गेल्या पन्नास-साठ वर्षांत खानदेशातून येऊन याच शहरात ज्यांनी संसार थाटले, त्यांच्या घरातलं मूल कसं वाढलं याकडे मराठी लेखणी फारशी वळली नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. मुलाची वाणी घरच्या नेहमीच्या कामांत आणि बाहेरच्या जाण्यायेण्यात घडते, आणि आपल्या जुन्या घरांना हे कुणी न शिकवता साधलं होतं. सुरतेत त्याची घडी विस्कटली ती यंत्रमागाच्या वेळापत्रकामुळे. आयांच्या माथी अज्ञानाचं खापर फोडणं चूक आहे. दोष कुठे आहे हे ठरलं की उपाय कुठे करायचा हेही ठरतं, म्हणून हा इतिहास तपासून पाहायचा.

सुरत आणि मराठी यांचं शिक्षणातलं नातं तसं जुनं आहे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840 च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत होते, आणि 1844 मध्ये सुधारक दुर्गाराम मेहताजी आणि इतर मंडळींबरोबर त्यांनी तिथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद, विधवांचे हाल, जादूटोण्यावरचा विश्वास यांवर या मंडळींनी उघड चर्चा घडवल्या. शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला; सुरतेला लागून असलेला नवसारी प्रांतही त्यात आला. ही कामं मोठी होती. पण त्यांची नजर शाळेत बसण्याजोग्या मुलावर होती. सक्ती सुरू व्हायची सातव्या वर्षापासून. त्याआधीची वर्षं घरची, बायकांची, आणि म्हणून सार्वजनिक विचाराच्या बाहेरची मानली गेली. मूल बोलतं होऊनच शाळेत येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते गृहीत तेव्हा खोटं ठरलं नाही, याचं श्रेय मात्र ज्या घरांना होतं, त्यांची दखल घ्यावी असं कुणाला वाटलं नाही.

आज सुरतेत मराठी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, पांडेसरा. तिथल्या बहुतेकांची मुळं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आहेत. या स्थलांतराची वाट लोखंडाची आहे. तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी टाकला गेला आणि सुरत अमळनेर-जळगावशी जोडली गेली. कापूस वाहायला घातलेल्या या रुळांवरून पुढे माणसं वाहिली, आणि कृत्रिम रेशमाचे माग वाढले तशी ती थांबायलाही लागली. ही माणसं घरात बोलतात ती बहुधा अहिराणी. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीत खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही. 1907 मध्ये निघालेल्या भागात ती भिल्ल बोलींबरोबर, गुजरातीच्या शेजारी ठेवली गेली. ते वर्गीकरण वादाचं असलं तरी एक गोष्ट त्यातून दिसते: गुजराती आणि मराठी यांच्या मधल्या प्रदेशात ही बोली आधीपासूनच नांदत होती. ‘कथा चालना?’ असं विचारणारी आजी सुरतेच्या भाजीबाजारात पहिल्या दिवशीही अगदी परकी पडली नसणार.

या लोकांनी मागे सोडलेलं घर कसं होतं, याचा पुरावा थेट नाही, पण भरपूर आहे. पहाटेचं जातं, त्यावरची ओवी, पाणवठा, गोठा, शेताची वाट. अमळनेरला 1924 ते 1930 शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ दोन भागांत प्रसिद्ध केलं. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. त्यांची कविता घरकाम आणि शेतकाम करता करता जन्मली आणि 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदवल्या. यावर सावध वाचक म्हणेल की हे बायकांचं गाणं झालं, मुलाशी बोलणं नव्हे. बरोबर आहे. ओवी भावाला असते, माहेराला असते, विठ्ठलाला असते. मांडीवर डोकं टेकून पेंगणाऱ्या पोराला उद्देशून ती क्वचित असते. मी या पुराव्यातून एवढंच काढतो की ते काम मुकं नव्हतं. हात राबत होते तेव्हा तोंडही चालत होतं, एकापेक्षा जास्त माणसांचं चालत होतं, आणि मूल त्या आवाजांच्या मधोमध होतं.

मधोमध असणं पुरेसं असतं का, हा प्रश्न गेल्या चाळीसेक वर्षांत अभ्यासकांनी बराच खणला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1983 च्या पुस्तकात दाखवलं की मूल भाषा शिकतं ते रोज त्याच क्रमाने घडणाऱ्या छोट्या व्यवहारांतून. तोंडावर पदर घेऊन ‘कुक्क’ करण्याचा खेळ घ्या: पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून त्याला आपली पाळी कळते, आणि पाळी कळली की आवाज फुटतो. आपल्याकडची तान्ह्याची आंघोळ असाच व्यवहार आहे. पाटावर पाय लांब करून बसलेली आजी, नडग्यांवर पालथं घातलेलं बाळ, तेल, मग हरभऱ्याचं पीठ, मग ऊन पाणी, मग टॉवेलात गुंडाळून धुरी. क्रम ठरलेला, आणि प्रत्येक पायरीला ठरलेलं बोलणं: आता हात, आता दुसरा हात, आता डोक्यावर पाणी येणार हं. काही महिन्यांनी ‘डोक्यावर’ म्हणताच बाळ डोळे मिटून घेतं. एकही शब्द तोंडातून येण्याआधी एक शब्द समजल्याची ही पावती आहे, आणि ती कुठल्या खेळण्याने किंवा तक्त्याने मिळवलेली नाही.

दुसरीकडे, ऑक्स आणि शिफेलिन या अभ्यासकांनी सामोआत आणि पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत राहून दाखवलं की काही समाजांत तान्ह्याशी समोरासमोर फारसं बोलतच नाहीत. कालुली आई बाळाला लोकांकडे तोंड करून धरते आणि त्याच्या वतीने स्वतःच बोलते. तीही मुलं व्यवस्थित बोलू लागतात. बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये ग्वाटेमाला, तुर्कस्तान आणि अमेरिका यांच्याबरोबर राजस्थानातल्या ढोल की पट्टी या आदिवासी वस्तीतली एक-दोन वर्षांची मुलं पाहिली. तिथे मुलं मोठ्यांच्या कामाजवळ राहून, एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवून शिकत होती. आया त्यांना धडे देत नव्हत्या. नमीरा अख्तर यांच्या प्रयोगांत दोन वर्षांची मुलं दुसऱ्याच दोघांचं बोलणं ऐकून नवे शब्द उचलताना दिसली. हे सगळं एकत्र ठेवलं की खानदेशातलं जुनं घर मला समजू लागतं. थोडं बोलणं मुलाशी, पुष्कळ मुलाच्या देखत, आणि सगळं हातातल्या कामाला धरून. कामाला धरून असल्यामुळे शब्दाचा अर्थ डोळ्यांपुढे असायचा. ‘सूप दे’ म्हटलं की सूप उचललं जायचं.

सुरतेने यातलं काय मोडलं? आधी वेळ. यंत्रमागाचा कारखाना बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो, आणि दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल चालू राहते. रातपाळीचा बाप सकाळी घरी येऊन झोपतो, तेव्हा एका खोलीच्या घरात सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. ‘हळू बोल, पप्पा झोपलेत’ हे वाक्य या घरांतल्या मुलाने दिवसभर ऐकायचं. मग माणसं कमी झाली. आजी गावी राहिली, काकू दुसऱ्या गल्लीत. मग जागा गेली. सुरत महानगराची लोकसंख्या 1991 मध्ये पंधरा लाखांच्या आसपास होती, ती 2011 मध्ये चव्वेचाळीस लाखांवर गेली. इतक्या झपाट्याने फुगलेल्या शहरात ओटा आणि अंगण मजुराच्या वाट्याला कसं येणार? आणि बाप ज्या जागी बारा तास घालवतो तिथे मागांच्या खडखडाटात बोलणंच अशक्य, कारागीर एकमेकांना खुणांनी सांगतात. तसा माणूस घरी आल्यावर मुलाशी गप्पा मारत नाही म्हणून त्याला बेफिकीर ठरवणं अन्यायाचं आहे. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले, तेव्हा या वस्त्या किती सैल मुळांनी उभ्या आहेत ते सगळ्या देशाने पाहिलं. अशा वस्तीत मुलाचं बोलणं हा कुणाच्या यादीतला विषय नव्हता.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. हार्ट आणि रिझ्ली यांच्या 1995 च्या अमेरिकी अभ्यासाने असा हिशेब मांडला की गरीब घरातलं मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. या आकड्याने जगभर धोरणं बदलली, आणि आपल्याकडेही ‘गरीब आया मुलांशी बोलत नाहीत, त्यांना शिकवा’ हा सूर त्यातूनच बळावला. पण तो अभ्यास 42 कुटुंबांचा होता, आणि त्यातली सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं अवघी सहा. शिवाय मोजलं गेलं ते मुख्यतः मुलाला उद्देशून केलेलं बोलणं. डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या मुलांच्या नोंदी पाहताना घरातल्या सगळ्यांचं बोलणं, मुलाच्या कानावर पडणारंही, हिशेबात धरलं, तेव्हा गरीब कुटुंबांमध्येच परस्परांत प्रचंड फरक दिसला आणि ती सरळ दरी उरली नाही. तरी मी हा आक्षेप पूर्ण झटकणार नाही. मुलाशी थेट, पाळीपाळीने झालेल्या बोलण्याला वेगळं मोल आहे, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. सुरतेच्या एका खोलीत आई आणि मूल दोघंच असतील, तर ऐकत ऐकत शिकायलाही तिथे काही उरत नाही. म्हणजे तुटवडा खरा असू शकतो. तो माणसांचा आणि वेळेचा तुटवडा आहे, आणि आईला चार सूचना देऊन तो भरून निघत नाही.

जात्याची जागा सुरतेत दुसऱ्या कामाने घेतली. लिंबायतसारख्या भागांत कितीतरी बायका घरबसल्या साड्यांना खडे-टिकल्या लावतात, लेस जोडतात, धागे कापतात. कामाचे पैसे नगावर मिळतात, म्हणून हात थांबवता येत नाही. हे काम मुलाच्या वाट्याचं बोलणं खातं, असं वरवर दिसतं. मला मात्र इथे जात्याशी असलेलं साम्य महत्त्वाचं वाटतं. दोन-तीन शेजारणी एका दारात बसून हे काम करत असतील तर बोलणं चालूच असतं, आणि त्यांच्या पुढ्यात रंग, आकार, संख्या, जवळ-लांब, वर-खाली यांचं भांडारच पसरलेलं असतं. ‘ती हिरवी दे, ही नको, ही तर निळी’ एवढ्या देवाणघेवाणीत विनंती आहे, नकार आहे, निवड आहे. यावर कुणी म्हणेल की मुलाला कामाला लावण्याचं हे समर्थन झालं. तसं होऊ नये याबद्दल मी ठाम आहे. नगाचं काम मुलाच्या बोटांवर लादलं गेलं की ते बालमजुरीच ठरतं, आणि सुया, गोंद यांच्याजवळ रांगतं मूल सुरक्षितही नसतं. पण कामाजवळ बसलेल्या मुलाशी त्या कामाविषयी बोलणं आणि मुलाकडून ते काम करून घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आई कमावती आहे म्हणून तिच्या कामाला मुलाचा शत्रू ठरवणारा सल्ला त्या घरात कुणीच ऐकणार नाही.

स्थलांतराबरोबर जे टिकून आलं ते आहे वर्षाचं चक्र, आणि ते मुलाला घराबाहेर काढतं. भुलाबाईचंच पाहा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडून दारोदार गाणी म्हणतात, आणि शेवटी प्रत्येक घरी खिरापत ओळखायची असते. डबा झाकलेला. यजमानीण तो कानाशी खुळखुळवते. मुली विचारतात, गोड का तिखट? ओलं का कोरडं? कुरकुरीत का मऊ? ताईच्या कडेवरचं धाकटं तीन शब्दांच्या भांडवलावर ‘लाडू!’ ओरडतं, आणि चुकलं तरी सगळ्या हसून त्याला पुन्हा संधी देतात. प्रश्न विचारायचा, उत्तरावरून पुढचा प्रश्न बांधायचा, न दिसणाऱ्या वस्तूचं वर्णन करायचं, चूक निघाली तरी बोलत राहायचं, हे सगळं एका डब्याभोवती घडतं. वाचा-तज्ज्ञांनी मुद्दाम रचावा असा हा खेळ आहे, आणि तो खानदेशातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद एकत्र जमतात, रोटासाठी घरातल्या माणसांगणिक मुठीने गहू मोजून घेतले जातात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. एरवी दोन माणसांच्या घरात वाढणाऱ्या मुलाला एका दिवसात वीस नाती भेटतात, आणि मूठ कुणाच्या नावाची हे विचारता विचारता ती नावांनिशी पाठ होतात.

यजमान शहराचंही स्वतःचं भटकणं आहे. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला अख्खी सुरत घारी ही मिठाई आणि भुसू हे फरसाण घेऊन गच्चीवर, पदपथावर, डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन बसते. थंडीत पोंक म्हणजे हुरडा खायला तापीकाठी जाते. बाहेर जेवायची ही हौस खानदेशी घरांनीही उचलली आहे. आणि मग गावाकडची गाडी. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला भुसावळकडे जाणारी गाडी म्हणजे लहान मुलासाठी भाषेचा चालता बाजार: बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. नवापूर स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते, अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात, आणि पाट्या-सूचना दोन्हीकडच्या भाषांत. खिडकीशी बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाला हद्द कळणार नाही. ‘आता नदी येईल, मग मामाचं गाव’ हा क्रम मात्र कळतो, आणि दुसऱ्या खेपेला तो ते स्वतःच आधी सांगतं. ‘भूर जायचं’ म्हणून बाहेर पडलेलं मूल परतल्यावर जे सांगू पाहतं, ती त्याची पहिली गोष्ट असते. समोर नसलेल्याविषयी बोलणं ही भाषेतली मोठी उडी, आणि तिला घरात फार कमी निमित्त मिळतं.

संस्थांनी हे ओळखलं का? ज्यांनी ओळखलं त्यांत एक मराठी नाव ठळक आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं, आणि 1923 मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. गिजुभाईंनी गोष्ट सांगण्याच्या कलेवर ‘वार्तानुं शास्त्र’ लिहिलं. मॉण्टेसोरीबाईंच्या पद्धतीत गोष्टीला फारशी जागा नसताना त्यांनी ती ठामपणे दिली. ताराबाईंनी 1945 मध्ये सुरतेहून दक्षिणेला, सध्याच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. बालवाडीत वस्तीतली मुलं येत नाहीत, हे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे कळलं, तेव्हा कुरणशाळा निघाली, म्हणजे शाळा गुरांमागे रानात गेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. मुलाचा दिवस जिथे जातो तिथे जाऊन त्या दिवसाशीच बोलायचं, हे तत्त्व मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी देशभर गेली. अंगण मात्र वाटेत गळून पडलं. पोषण आणि लसीकरणाचं काम तिने मोठं केलं, पण ती खोली झाली, ठरलेल्या वेळेची झाली, नोंदवह्यांची झाली. आणि मागाच्या पाळ्यांचा त्या वेळेशी मेळ बसला नाही.

आता भाषांचा प्रश्न. घरात अहिराणी, शेजारी ओडिया आणि हिंदी, दुकानात गुजराती, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. एवढ्या गलक्यात मूल गोंधळणार नाही का, म्हणून ते उशिरा बोलतं का? ही शंका सुरतेतले शिकलेले पालकही विचारतात, आणि तिच्यापोटी घरातली बोली बंद करतात. उपलब्ध अभ्यास या भीतीला आधार देत नाहीत. बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दोन भाषांत वाढणाऱ्या लहान मुलांचे शब्द मोजले. दोन्ही भाषांतले मिळून धरले तर ती मुलं एकभाषी मुलांच्या मागे नव्हती. मोजणारा एकाच भाषेत मोजतो तेव्हा मूल गरीब दिसतं. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात, ही या शहराची उदारता आहे आणि तिचं कौतुक व्हायला हवं. पण अहिराणी त्या सातांत नाही, आणि मराठी शिक्षकाने ‘काय करी ऱ्हायना’ म्हणणाऱ्या मुलाला अशुद्ध ठरवलं तर मराठी माध्यमही त्याला परकंच. आई ज्या बोलीत विचार न करता बोलते, भांडते, लाड करते, ती बोली तिच्याकडून काढून घेतली की तिच्याकडे मुलाशी बोलायला थोडीच वाक्यं उरतात, आणि तीही आज्ञार्थी: बस, खा, गप्प राहा.

कुणी असंही म्हणेल की हे जुन्या घराचे गोडवे गाणं आहे. जुन्या घरात बाळं दगावत होती, सुना दबून होत्या, मुलीच्या बोलण्याला ‘तोंडाळ’ म्हणून टोचलं जात होतं. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जातं परत यावं असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पहाटे दोन तास दळणाऱ्या बाईला त्या ओवीची किंमत कष्टाने मोजावी लागत होती. आणि जुन्या घराची आणखी एक खोड होती. ‘मामावर गेलाय, बोलेल उशिरा’ म्हणून ज्याला ऐकूच येत नाही असं मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत तसंच राहायचं. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड-दोन वर्षांनंतरही शब्द फुटत नसेल, तर कितीही आंघोळी-अंगाई झाल्या तरी त्याला तपासणीच हवी. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्यासाठी तरतूद आहे. पण इथेही रोजचा क्रमच पहिली सूचना देतो. डबा खुळखुळला आणि मूल वळलं नाही, कुकरची शिट्टी झाली आणि दचकलं नाही, हे जवळच्या माणसालाच आधी दिसतं, जर ते माणूस त्या वेळी जवळ आणि जागं असेल तर.

म्हणून सुरतेसारख्या शहरात या कामाची सुरुवात आयांच्या प्रबोधनाने करणं मला उलट्या टोकाकडून केल्यासारखं वाटतं. अंगणवाडी सकाळीच का, पाळी सुटते तेव्हा का नाही. बाप दिवसा घरी असतो तर त्याला आणि मुलाला तासभर बसता येईल असं सावलीचं ठिकाण वस्तीत का नाही. घरी साड्यांचं काम करणाऱ्या चार जणींना एकत्र बसायला आणि त्यांच्या मुलांना सांभाळायला एखादी सामाईक खोली का नाही, हे प्रश्न आधी विचारायचे आहेत. 1948 च्या कारखाना कायद्याने, पुढच्या दुरुस्तीनंतर, जिथे तीसहून अधिक स्त्रिया कामाला आहेत तिथे पाळणाघर ठेवायची अट घातली. मागावर बहुतांश पुरुष. म्हणून तिथे ती अट लागू झाली नाही. साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बाया शेकड्यांनी असतात, पण त्या आपापल्या खोलीत बसतात; म्हणून त्यांची गणती कुठल्याच कारखान्यात होत नाही. त्यांच्या मांडीजवळ खेळणारं मूल कायद्याला दिसतच नाही, आणि पाळणाघराची मागणी या घरबसल्या बायांच्या नावानेही उभी राहायला हवी.